आवाजाचा पत्ता

५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झालं. २००३ मध्ये सुरू झालेली ही सेवा म्हणजे आमच्या पिढीला इंटरनेटवरून बोलण्याची पहिली ओळख. सोलापुरातून शिकून बाहेर पडलेली मुलं अमेरिकेत, जर्मनीत पोचली, तेव्हा त्यांचे आईवडील रविवारी संध्याकाळी सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने खुर्ची धरून बसत. हेडफोन एकच असे. त्याचा एक कान आईकडे, एक वडिलांकडे. ही सेवा मालक कंपनीने थांबवली तोवर बहुतेक लोक व्हॉट्सॲपवर गेलेले होते, त्यामुळे शहरात कुणाला त्याची चुटपुट लागली नाही. मला लागली. स्काइपचं मला फार कौतुक होतं असं नाही. पण वीस-बावीस वर्षांत माणसांनी एकमेकांना विश्वासाने दिलेले इतके पत्ते एका निर्णयाने निकामी झाले, आणि ते पत्ते मुळात त्या माणसांचे कधी नव्हतेच, हे त्या दिवशी उघड दिसलं.

साध्या टेलिफोनचं असं नसतं. लँडलाइनवरून कुठल्याही कंपनीच्या मोबाइलला फोन लागतो. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. दोन कंपन्यांचं आपसात पटो न पटो, एकमेकींचे कॉल त्यांना घ्यावेच लागतात. इंटरनेट हे तर त्याहून मोकळं जाळं. आणि नेमकं तिथे बोलायचं म्हटलं की दोघांकडे तेच ॲप हवं, त्याच कंपनीचं खातं हवं. एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये फोन लागत नाही. ही गोष्ट आपण इतकी पचवून टाकली आहे की तिच्यात काही चुकीचं आहे असं आता कुणाला वाटतही नाही.

मी डिप्लोमाच्या मुलांना टेलिकम्युनिकेशन शिकवतो, पण या विषयाच्या मागे लागण्याचं कारण घरातलं आहे. आम्ही पद्मशाली. आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले. घरात तेलुगू, बाहेर मराठी, बाजारात थोडी कन्नड. अम्मा सोलापुरातल्या विडी घरकुल वसाहतीत राहते. अक्का लग्न होऊन भिवंडीला गेली, तीही पॉवरलूमच्याच घरात. तिचा मुलगा शारजात नोकरी करतो. विणकरांची घरं अशीच पांगलेली असतात: सोलापूर, भिवंडी, सुरत, सिरसिल्ला. एवढ्या पांगलेल्या घराला आवाज धरून ठेवतो. तो आवाज कुणाच्या मर्जीवर चालतो, याची मला काळजी वाटते.

याला उत्तर पुष्कळ आधीपासून तयार आहे. एसआयपी, म्हणजे सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल: इंटरनेटवर कॉल जोडण्याचे ठरलेले नियम. हेनिंग शुल्झरिन आणि मार्क हँडली यांनी १९९६ मध्ये त्यावर काम सुरू केलं, १९९९ मध्ये पहिलं मानक निघालं आणि आज वापरात असलेलं आरएफसी ३२६१ हे मानक जून २००२ मध्ये आलं. ते कुणा कंपनीचं गुपित नाही, कुणालाही वाचता येतं. यात माणसाचा पत्ता ईमेलसारखाच असतो: आधी नाव, मग ॲटचं चिन्ह, मग सर्व्हर. माझा सर्व्हर एक, तुमचा दुसरा, तरी फोन लागावा अशीच त्याची रचना आहे. (अनेक सर्व्हर बाहेरून आलेले कॉल आता घेत नाहीत, कारण नको असलेल्या कॉलचा मारा. ते दुखणं ईमेललाही आहे, आणि म्हणून कुणी ईमेल सोडलेलं नाही.)

एसआयपीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की ते वाचता येतं. कॉल लावला की आपला फोन साध्या अक्षरांत एक मजकूर पाठवतो. पहिलाच शब्द इन्व्हाइट. खाली कोणाकडून, कोणाला, या कॉलची खूण काय, आणि वाटेत जास्तीत जास्त किती टप्पे घ्यायचे, तर सहसा ७०. शेवटी आपल्या फोनला आवाजाच्या कोणत्या पद्धती येतात त्यांची यादी, म्हणजे पलीकडच्याने त्यातली एक निवडावी. सर्व्हर कळवतो: १००, ट्राइंग. पलीकडे घंटी वाजू लागली की १८०, रिंगिंग. उचलला की २००, ओके. मग इकडून पोच जाते, ॲक. बोलणं संपलं की बाय. माणूस दुसऱ्या फोनवर असेल तर ४८६, नको म्हणाला तर ६०३, असा कुणी इथे राहतच नाही असं निघालं तर ४०४. हे फळ्यावर लिहिलं की मुलं मुकाट्याने वहीत उतरवतात. पण खुल्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याची घडण कुणालाही पाहता-बदलता येते अशा फोनवर चालू कॉलचा लॉग (नोंद) उघडून दाखवला की बाक सोडून टेबलाभोवती गोळा होतात. एक मुलगी मला म्हणाली, "सर, म्हणजे फोन लागेना म्हणतो तेव्हा नेमकं कुठं अडलंय ते बगता येतंय की." अगदी तेच. बंद ॲपमध्ये आपल्याला ‘कनेक्टिंग’ एवढंच दिसतं आणि आपण फोन हलवून, खिडकीत जाऊन, देवावर भरवसा ठेवून बसतो.

आमंत्रण स्वीकारलं गेलं की आवाज नेण्याचं काम दुसरा प्रोटोकॉल करतो, आरटीपी. जी.७११ हे टेलिफोनचं जुनं मानक १९७२ चं आहे. त्यात आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मापाला ८ बिट देतात, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट. इंटरनेटवर ते सलग जात नाहीत. २० मिलिसेकंदांचा एक तुकडा पाडायचा, त्यात १६० बाइट आवाज, आणि त्याला पत्ता, क्रमांक, वेळ वगैरेचे ४० बाइट जोडायचे. असे सेकंदाला ५० तुकडे. मागावर धोट्यातली कांडी संपते, दुसरी लागते, तरी चादर सलग निघते, तसंच हे आहे. इथे मात्र कांड्या कधी मागेपुढे येतात, काही उशिरा येतात, काही येतच नाहीत. म्हणून पलीकडचा फोन थोडे तुकडे आधी साठवतो आणि मग ओळीने ऐकवतो. साठा वाढवला तर बोलणं तुटत नाही, पण उशीर वाढतो. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर संभाषण सहज चालतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते.

त्यापुढे काय होतं ते मी आमच्याच घरात ऐकलं आहे. अम्मा काहीतरी विचारते, अक्काचं उत्तर जरा मागून येतं. तेवढ्या वेळात अम्मा पुन्हा बोलायला लागते, अक्का थांबते, मग दोघीही थांबतात. अम्मा कष्टी होऊन विचारते, "राग आलाय का गं तुला?" राग नसतो. पाव सेकंद असतो. माणसाचा कान उशिराचा अर्थ नात्यात शोधतो, यंत्रात शोधत नाही. म्हणून हे आकडे मला कोरडे वाटत नाहीत. कुणीतरी साठा किती ठेवायचा ते ठरवत असतं, आणि त्यावर एक आई आपल्या लेकीबद्दल काय समजते हे अवलंबून असतं.

आवाजाच्या दर्जाचंही तसंच. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेतो. स, श, फ यांना एकमेकांपासून ओळखायला लागणारा बराच भाग त्याच्या वर असतो, तो वाटेतच गळतो. फोनवर नाव सांगताना "स, सोलापूरचा स" असं म्हणावं लागतं ते यामुळे. सप्टेंबर २०१२ मध्ये ओपस नावाचं आवाजपद्धतीचं मानक आलं. सेकंदाला ६ हजार बिटांपासून ५ लाख १० हजार बिटांपर्यंत ते कितीही जागेत मावतं आणि जवळजवळ माणसाला ऐकू येतो तेवढा सगळा पट्टा नेऊ शकतं. नेट बारीक झालं तर चालू कॉलमध्येच स्वतःला आवरून घेतं. ते दोन पद्धती जोडून तयार झालं: झिफ डॉट ऑर्ग या संस्थेची सेल्ट आणि दुसरी सिल्क. सिल्क कुणाची? स्काइपची. स्काइपने ती मानकासाठी मोकळी करून दिली होती. दुकान बंद झालं, पण मोकळी सोडलेली ती विद्या आज जगभरच्या कॉलमध्ये चालू आहे. खुलेपणाच्या बाजूने बोलताना मला याहून चांगला पुरावा लागत नाही.

ओपसमागचं एक मोठं नाव ज्याँ-मार्क व्हालाँ. त्याआधी त्यांनी स्पीक्स ही आवाजपद्धती केली होती आणि पुढे आवाजातला गोंगाट काढणारं आरएनएनॉइझ. हे सगळं खुलं. गोंगाटाचा विषय आमच्या माणसांना फार जवळचा आहे. पंख्याची घरघर सारखी असते, ती ओळखून कमी करणं सोपं. मागाचा ठोका तुटक, जोराचा आणि बोलण्याच्या मधोमध येणारा. अक्काच्या भिंतीपलीकडे माग चालतात. बंद ॲपमध्ये गोंगाट किती काढायचा हे कुणीतरी लांबवर ठरवून ठेवलेलं असतं, आणि ते ठरवताना भिवंडीची भिंत त्यांच्या डोळ्यांपुढे नसते. लिनफोन हे एसआयपीचं ॲप खुलं आहे, २००१ पासून त्याचं काम चालू आहे. त्यात प्रतिध्वनी घालवायची मोजणी त्या खोलीत, त्या फोनवर करून घेता येते. कोणती आवाजपद्धती आधी वापरायची तेही सांगता येतं. अक्काच्या फोनवर हे एकदा बसवलं आणि त्यानंतर ती बोलायला गॅलरीत जायची बंद झाली.

आता फोनबद्दल. खुला मोबाइल ही हौस जुनी आहे. २००७ मध्ये ओपनमोकोने निओ १९७३ हा फोन काढला. नावातलं १९७३ हे मार्टिन कूपर यांनी हातातल्या मोबाइलवरून पहिला कॉल केला ते साल. २००९ मध्ये नोकियाचा एन९०० आला. त्यात साधा कॉल, स्काइप आणि एसआयपी हे सगळं एकाच संपर्कयादीतून लागायचं. फोन कुठल्या मार्गाने गेला याची माणसाला फिकीर नसावी, हा विचार त्या फोनने तेव्हाच करून दाखवला होता. पुढे प्युरिझमचा लिब्रेम ५ आला, २०२० मध्ये पाइन६४ चा पाइनफोन आला. लिब्रेमच्या कडेला माइक-कॅमेरा, वायफाय आणि मोबाइल नेटवर्क तोडणारी खरीखुरी बटणं आहेत. पाइनफोनमध्ये ती मागच्या झाकणाखाली आहेत. हे फोन आपल्याकडच्या दुकानांत मिळत नाहीत आणि घरातल्या सगळ्यांना घ्यावेत असे स्वस्तही पडत नाहीत. आमच्या वर्गात चालतात ते लोकांनी ड्रॉवरमध्ये टाकून दिलेले जुने अँड्रॉइड फोन, त्यांवर लाइनेज ओएस ही अँड्रॉइडचीच खुली आवृत्ती. २०१६ च्या डिसेंबरात तशीच आधीची आवृत्ती, सायनोजेनमॉड, बंद पडलं तेव्हा त्याच कोडवर हे उभं राहिलं. बंद पडलं तरी दुसऱ्याला पुढे नेता आलं, हेही पुन्हा तेच.

खुल्या फोनवर इंटरनेट कॉलिंग का शोभतं, याचं कारण मात्र फोनच्या पोटात आहे. फोन म्हणजे आतून दोन संगणक. एक आपण वापरतो तो, दुसरा मोडेमचा, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाचा. वरची सगळी यंत्रणा तुम्ही खुली केली तरी मोडेमचं सॉफ्टवेअर जवळजवळ नेहमी बंदच असतं. साधा कॉल केला की तुमचा आवाज त्या बंद भागाच्या हाती जातो आणि पुढचं सगळं तो करतो. इंटरनेट कॉलमध्ये आवाज मापणं, बारीक करणं, कुलूपबंद करणं हे वरच्या, उघड्या भागात होतं. मोडेमला मिळतात ते फक्त न वाचता येणारे तुकडे. पेटीत काय आहे हे त्याला कळायचं कारण उरत नाही. माझ्या मते खुल्या फोनचा खरा कॉल हाच.

गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे एसआयपी आपण सगळे रोज वापरतो. जिओ ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली ती केवळ ४जीवर. २जी-३जी तिच्याकडे नव्हतंच. म्हणजे तिथला प्रत्येक साधा कॉलही पॅकेटांतूनच, वर सांगितलेल्या तुकड्यांसारख्याच तुकड्यांतून जातो. व्होएलटीई म्हणतात ते हेच, आणि त्याच्या आत कॉल जोडतो तो एसआयपीच. सोलापुरातल्या सात रस्ता चौकातला रिक्षावाला घरी "येतोय" म्हणून फोन लावतो तेव्हा तेच इन्व्हाइट, तेच रिंगिंग, तेच बाय जातं. फक्त ते सगळं झाकलेलं. व्होएलटीईचा तो थर चिप बनवणाऱ्यांच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि कंपनीगणिक त्याची मांडणी वेगळी. म्हणून खुली यंत्रणा टाकलेल्या काही फोनांवर व्होएलटीई चालतं आणि काहींवर चालत नाही, आणि चाललं नाही तर केवळ ४जी असलेल्या सिमवरून साधा कॉलच जात नाही. खुल्या मानकावर उभी राहिलेली व्यवस्था खुल्या फोनलाच दाराबाहेर ठेवते, हे मला मनापासून खटकतं.

अडचणी आहेत, आणि त्यातली एक मोठी आहे: घंटी वाजणं. कॉल करणं सोपं, कॉल येणं अवघड. तुमचा फोन खिशात झोपलेला असतो. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, पडून राहिलेल्या फोनवर ॲपना फारसं जागं राहू देत नाहीत. बॅटरीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. व्हॉट्सॲपसारख्या ॲपना जागं करायला गुगलची पुश सेवा असते. सर्व्हर गुगलला सांगतो, गुगल फोनला हलवतो. गुगलच्या सेवा नसलेल्या खुल्या फोनवर ही सोय नाही. मग एसआयपी ॲपला सर्व्हरशी धागा सतत धरून ठेवावा लागतो. मधे घरचा राउटर किंवा मोबाइल कंपनीचं नॅट (अनेक फोनांना एकाच पत्त्यामागे ठेवणारी व्यवस्था) बसलेलं असतं, ते काही वेळ हालचाल दिसली नाही की वाट बंद करतं. धागा तुटू नये म्हणून सारखे छोटे निरोप पाठवायचे, तर बॅटरी उतरते. न पाठवावे, तर कॉल येतो आणि फोन गप्प. अम्मा मला रागावून म्हणाली होती, "दिवसभर हातात घेऊन बसले, वाजला नाही." तिला नॅट समजावून काय करणार? तिचं म्हणणं खरं होतं. न वाजणारा फोन फोनच नव्हे.

यावर युनिफाइडपुश नावाची खुली व्यवस्था तयार झाली आहे. सगळ्या ॲपनी आपापले धागे धरण्याऐवजी एकच हलका धागा धरायचा आणि निरोप त्यातून सगळ्यांना वाटायचे. तो धागा कुठल्या सर्व्हरला बांधायचा ते आपण ठरवायचं. स्वतःच्या घरातल्या छोट्या संगणकावरही तो चालतो. पण सर्व्हरलाही ही भाषा यावी लागते, आणि सगळ्यांना अजून येत नाही. या एका गोष्टीवर जितकं काम होईल तितकी खुल्या कॉलिंगची वाट मोकळी होईल असं मला वाटतं. चांगला आवाज, मजबूत कुलूप, सुंदर पडदा हे सगळं नंतर. आधी घंटी.

कुलपाचा विषय निघालाच आहे तर कॉल कुलूपबंद करणाऱ्या झेडआरटीपीबद्दल सांगतो, कारण ते फार माणुसकीचं आहे. ईमेल कुलूपबंद करणारं पीजीपी हे सॉफ्टवेअर करणारे फिल झिमरमन यांनी ते मांडलं. २०११ मध्ये त्याचं आरएफसी ६१८९ प्रसिद्ध झालं. दोन फोन कॉल चालू असतानाच आपसात किल्ली ठरवतात. मधे कुणी घुसून दोघांना वेगवेगळ्या किल्ल्या दिल्या तर ते कळावं कसं? तर दोन्ही पडद्यांवर चार अक्षरं येतात. त्यातली दोन तुम्ही म्हणायची, दोन पलीकडच्याने. जुळली तर मधे कुणी नाही. कुठल्या कंपनीचं प्रमाणपत्र लागत नाही. ओळखीचा आवाज आणि मोठ्याने म्हटलेली चार अक्षरं, इतकंच. अक्का आणि मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ती म्हणाली, "तम्मी, पुन्हा सांग, नीट सांग," आणि तिने ती अक्षरं इतक्या गांभीर्याने म्हटली जशी लहानपणी मला पाढे म्हणून दाखवायची.

भाच्याशी मात्र हे जमत नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल चालत नाहीत, परवाना नसलेलं इंटरनेट कॉलिंग तिथे रोखलेलं असतं. एसआयपीही त्यातून सुटत नाही. तो तिथल्या मान्यतेच्या ॲपवरून फोन करतो. खुलं मानक सगळे दरवाजे उघडतं असं मी कधी म्हणणार नाही. सरकारने वाट अडवली की ती अडते. पण त्यामुळे मला एवढं नक्की कळलं की आवाजाच्या वाटेवर कोण उभं आहे हे दिसायला तरी हवं. शारजातली अडवणूक कायद्यात लिहिलेली आहे. एखाद्या कंपनीने उद्या आपली सेवा बंद केली, महाग केली, खातं गोठवलं, तर ते कुठल्या कायद्यात शोधायचं?

आपल्याकडचा कायदाही हळूहळू सरकला. १ एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेट सेवा देणाऱ्यांना इंटरनेट टेलिफोनीची मर्यादित मुभा मिळाली. इंटरनेटवरून देशातल्या फोननंबरला कॉल लावायची गोष्ट २०१८ मध्ये मार्गी लागली, आणि बीएसएनएलने त्याच वर्षी विंग्ज ही सेवा आणली. तीही एसआयपीवरच. म्हणजे नंबरांच्या जगाशी जोडायचं तर परवानाधारक कंपनी लागते. इंटरनेटवरून इंटरनेटवर बोलायला फक्त दोन पत्ते. आणीबाणीचा ११२ नंबर मात्र या ॲपमधून लागणार असं धरून चालू नये. अम्माच्या पिशवीत साधा बटणांचा फोन आहे आणि तो तिथेच राहणार.

उलट दिशेनेही काही घडतं आहे, त्याचं वाईट वाटतं. अँड्रॉइडमध्ये एसआयपी अंगभूत होतं. २०१० च्या डिसेंबरात आलेल्या अँड्रॉइड २.३ मध्ये डायलरच्याच सेटिंगमध्ये आपला एसआयपी पत्ता घालता येत असे, वेगळं ॲप लागत नसे. २०२१ मध्ये, अँड्रॉइड १२ च्या वेळी, ही सोय मागे घेतली गेली. वापरणारे थोडे होते, हे कारण मला समजतं. पण थोडे का होते? कारण ते तिथे आहे हे कुणी कुणाला सांगितलंच नाही. लिनक्सच्या फोनांवर ग्नोम कॉल्स या ॲपात एसआयपी २०२१ मध्येच आलं. एका दारातून बाहेर गेलं, दुसऱ्यातून आत आलं. आता जगभरच्या अब्जावधी फोनांपैकी किती फोनांवर ग्नोम आहे हा हिशेब करायला मी बसत नाही.

त्यापेक्षा कॉलेजात जे चालतं ते सांगतो. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये लिहिलेलं ॲस्टरिस्क नावाचं खुलं टेलिफोन एक्स्चेंज आहे. प्रयोगशाळेतल्या एका जुन्या संगणकावर मुलांनी ते बसवलं. जुने फोन वायफायवर जोडले. वर्कशॉप, वाचनालय, प्रयोगशाळा, प्रत्येकाला तीन आकडी नंबर. इथे इंटरनेट लागतच नाही. बाहेरची केबल काढून ठेवली तरी हे फोन वाजतात, आणि स्थानिक वायफायवर चार्जरला लावून ठेवलेल्या फोनला झोप येत नाही, म्हणून घंटीची अडचणही राहत नाही. नेट गेलं की सगळंच गेलं असं धरून वाढलेल्या मुलांना पहिला कॉल लागला तेव्हा जो आनंद झाला, तो मी शिकवायला लागल्यापासून फार थोड्या वेळा पाहिला आहे.

त्यातूनच गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या जत्रेची कल्पना निघाली. मकरसंक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते, सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या भेटीला निघतात, होम मैदानावर गड्डा असतो. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र, सगळीकडून माणूस येतो. अशा गर्दीत मोबाइलचं नेटवर्क कोंडतं, आणि त्याच गर्दीत पोरं हरवतात. एखादं चार वर्षांचं कन्नड बोलणारं पोर मराठी स्वयंसेवकाच्या हाताला लागलं तर ते आपल्या आईचं नावही धड सांगू शकत नाही. मुलांनी मांडलेली योजना अशी: मैदानाच्या कडेने उघड्यावर चालणारे, वायफाय पसरवणारे चार ॲक्सेस पॉइंट, रास्पबेरी पाय हा एक छोटा संगणक, त्यावर ॲस्टरिस्क, बॅटरीची सोय, आणि दहा-बारा जुने फोन. १०१ म्हणजे हरवलेल्या मुलांचा मंडप, १०२ प्रथमोपचार. २०१ ला कन्नड बोलणारं माणूस, २०२ ला तेलुगू, २०३ ला उर्दू. पोर सापडलं की त्याच्या भाषेचा नंबर फिरवायचा आणि फोन त्याच्या कानाला लावायचा. ओपसला सेकंदाला २४ हजार बिट दिले तरी आवाज स्वच्छ येतो, आणि त्या पोराला पलीकडचं ‘अव्वा’ नीट ऐकू येईल.

गर्दीतल्या हजारो फोनांमुळे वायफायची हवाही दाटते, त्यामुळे २.४ गिगाहर्ट्झवर अवलंबून चालणार नाही. ५ गिगाहर्ट्झवर चाचणी घ्यावी लागेल, आणि त्याचा पल्ला कमी असल्याने ॲक्सेस पॉइंट चाराचे सहा होतील. जुन्या फोनांपैकी ५ गिगाहर्ट्झ पकडणारे निम्मेच निघाले आहेत. परवानगीचा अर्ज मुलांनी तीन भाषांत लिहायला घेतला आहे. ड्रॉवरमध्ये पडलेला, ५ गिगाहर्ट्झ पकडणारा फोन कुणाकडे असेल तर आम्हाला हवा आहे. काच फुटलेली चालेल, माइक आणि स्पीकर चालू असले म्हणजे झालं.